कूलर बंद करता का, काकू?

मे महिन्यातली दुपार. जेवण आटोपून कूलरपुढे जरा आडवी झाले, तर दारात शूटिंगवाल्यांचा हेडफोनवाला पोरगा. "काकू, दहा मिनिटं कूलर बंद करता का? लय आवाज येऊन राहिला."

मुंबईचा असता तर समजून घेतलं असतं. हा इथलाच, आणि मे महिन्यात कूलर बंद करायला सांगतो! याच नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, बाप्पा.

आमच्या महाल भागातल्या गल्लीत हे आता नेहमीचंच. दोन जुने वाडे, सागवानी दारं, वर लाकडी सज्जा. त्यामुळे कधी वेब सिरीज, कधी शॉर्ट फिल्म, आणि लग्नसराईत प्री-वेडिंगवाली जोडपी. ती तर न विचारताच ओट्यावर बसतात. पहाटे जनरेटरची गाडी तोंडाशी लागली की भाजीवाला परस्पर निघून जातो. समोरच्या मामांनी दिवाळीत रंगवलेली भिंत सिरीजवाल्यांनी पुन्हा मळकी रंगवली, जुनी दिसावी म्हणून. मामांनी त्याचे पैसे घेतले ते वेगळं.

पण कूलर? आमच्या लहानपणी दाराला वाळ्याचे ताटे असत. त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझं, आणि पाणी मारता मारता निम्मं अंगावर घ्यायचं हा माझा हक्क. मग पत्र्याचा कूलर आला, खडखडणारा. आम्ही सगळी भावंडं एका सतरंजीवर. बरोबर झोताची जागा पाहुण्याची, पाहुणा नसला की आजीची. त्या खडखडाटात गाढ झोप लागायची. लाइन गेली, आवाज थांबला, की सगळे एकदम जागे! पडल्या पडल्या सगळे छताकडे बघत राहायचे. कोणी बोलायचं नाही. बोललं तर आणखी गरम होतं, असं आजीचं मत होतं. माझंही आहे.

सिनेमातल्या उन्हाळ्यात हा आवाज कुठेच नसतो. हिरो घाम पुसतो, बाहेर कावळा ओरडतो, आणि कूलर मात्र मुका. नागराज मंजुळे शहाणे. 'झुंड'साठी अमिताभ बच्चनना नागपुरात आणलं ते २०१८ च्या हिवाळ्यात. तो सिनेमा पाहताना आमच्या रांगेत अमिताभकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळे मागची दुकानं, भिंती ओळखत होते. मला अजून कोणताही सिनेमा तसाच दिसतो. गोष्ट विचाराल तर सांगता येणार नाही.

तेव्हा शूटिंगवाल्यांनी हिवाळ्यातच यावं, असं मी त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "डिसेंबरात अधिवेशन असते ना काकू, सगळे पोलीस बंदोबस्तात." तेही खरंच. कूलर बंद केला. दहाची चाळीस मिनिटं झाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून निघते. इतक्या वर्षांत तिनं काय काय नेलं असेल! गल्लीतले पोट्टे नाचत ओरडत होते, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मध्येच एकानं जोडलं, "शूटिंगवाल्यांना घेऊन जा गे मारबत!" सगळी गल्ली हसली, मी जरा जास्तच.

तो ओरडणारा पोट्टा त्याच सिरीजमध्ये सायकलवरून जाताना दिसतो. पाठमोरा. त्याच्या आईनं तेवढाच तुकडा साऱ्या नातेवाइकांना पाठवला आहे.