तीन अक्षरं

दादरच्या माझ्या टॅटू स्टुडिओत बहुतेक गिऱ्हाइकं विशी-पंचविशीतली. त्या दिवशी एक मुलगी आपल्या आजीला घेऊन आली. टॅटू आजींनाच करायचा होता.

डाव्या हातावर मनगटाच्या वर हिरवट डाग होता. भिंग धरलं तेव्हा कळलं, ती तीन अक्षरं आहेत. साताऱ्याकडच्या जत्रेत, आठव्या वर्षी, गोंदणारणीनं काढलेलं त्यांचं माहेरचं नाव. (ते इथं लिहीत नाही.) लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं गेलं आणि रेशनकार्डापासून आधारपर्यंत तेच चाललं. मालक गिरणीत. १९८२ च्या संपानंतर आजींनी लालबागला खानावळ काढली, तिथं सगळ्यांच्या त्या मावशी.

"आता मलाबी वाचता येईना. तेवढं उजळून दे, पोरी."

बीपी-शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं विचारून घेतलं. मग अक्षरांवर ट्रेसिंग पेपर धरून गिरवलं. पहिलं अक्षर बरंच कललेलं होतं. स्टेन्सिल करताना मी ते सवयीनं सरळ केलं. हातावर उठवताच आजी चष्म्यातून बघून म्हणाल्या, "हे माझं न्हाई."

पुसलं. पुन्हा गिरवलं, कलतं तसंच. आधी हे मला कळायला हवं होतं.

म्हाताऱ्या हाताची कातडी टिश्यू पेपरसारखी. सुई जेमतेम मिलिमीटरभर आत जायला हवी, जरा खोल गेली की शाई फुटते. म्हणून रेघ न ओढता ठिपक्या-ठिपक्यांनी भरलं, तासभर. मध्ये नातीनं विचारलं, इतकी वर्षं शाई टिकते कशी? २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं, ते तिला सांगितलं: कातडीतल्या पेशी शाई गिळून धरून ठेवतात. त्या मेल्या की शाई सुटते आणि नव्या पेशी तीच उचलतात. मी हे कितीदा सांगितलंय, पण समोर साठ वर्षांपूर्वीचं गोंदण असताना पहिल्यांदाच सांगत होते. माझा आवाज बसला.

काम झालं, हात पुसला. आजींचा चष्मा पिशवीत होता.

"वाच की."

मी तीन अक्षरं मोठ्यानं वाचली.

"ओ," आजी म्हणाल्या.