एसी बंद, लॅम्डा चालू

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी एसी बंद पडला यात सांगण्यासारखं काही नाही. पण मायक्रोस्कोपच्या रूमचा एसी गेला की आमचं कामच बसतं, कारण रूम तापली की धातू प्रसरण पावतो आणि फोकस सरकायला लागतो, म्हणजे तुम्ही ज्या ठिपक्याकडे बघताय तो बघता बघता धुरकट होऊन गायब. त्या दिवशी बाहेर ४५, डिपार्टमेंटच्या आमच्या बाजूची लाईन गेलेली, यूपीएसवर फक्त मायक्रोस्कोप, पंप आणि कॉम्प्युटर. आमच्या लॅम्डा व्हायरसचं सॅम्पल आधीच भरून ठेवलेलं, ते उद्यापर्यंत टिकणार नव्हतं, म्हणून म्हटलं जे होईल ते होवो, करून टाकू.

लॅबमधले काका दारात येऊन म्हणाले, "मॅडम, व्हरांड्यातला कूलर आणून लावू का जी?" नको म्हटलं, ओल्या हवेनं लेन्सवर बाष्प धरतं आणि पंख्याची थरथर टेबलापर्यंत येते. "माणसाला चालते तर मशीनला काऊन नाही चालत?" हे त्यांचं म्हणणं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमचा व्हायरस म्हणजे लॅम्डा, ई. कोलाय बॅक्टेरियाला धरणारा फाज (फाज म्हणजे बॅक्टेरियाला लागण करणारा व्हायरस), १९५१ साली एस्थर लेडरबर्ग यांनी जगासमोर आणलेला. माणसाला त्याचं काही सोयरसुतक नाही, तरी आमच्या घरमालकीण काकू कोविडनंतर मी लॅबमधून आले की आधी हात धू म्हणतात, धुते बिचारी. लॅम्डाच्या प्रोटीनच्या डब्याचा व्यास साधारण ६० नॅनोमीटर आणि आत कोंबलेला डीएनए साडेसोळा मायक्रॉन लांब. दहा लाखपट मोठं करून बघा, संत्र्याएवढ्या डब्यात साडेसोळा मीटर सुतळी, तीही २ मिलिमीटर जाड! (नागपूरची आहे म्हणून संत्रं म्हणत नाहीये, माप खरंच तेवढंच येतं.) डीएनए वाकायला नाखूश, वर सगळा निगेटिव्ह चार्ज, त्यामुळे आत दहा-वीस अ‍ॅटमॉस्फियरच्या वर प्रेशर असतं. बॅक्टेरियाच्या अंगावरच्या लॅम-बी नावाच्या प्रोटीनला शेपूट टेकलं की दार उघडतं आणि डीएनए बाहेर सुटतो. आम्ही बॅक्टेरिया घेतच नाही, काचेच्या छोट्या चेंबरमध्ये फाज काचेला चिकटवायचे, वरून पंपानं लॅम-बी सोडायचं आणि बघत बसायचं.

डाय, म्हणजे चमकणारा रंग, चेंबरमधल्या द्रावणातच असतो, डीएनए बाहेर आला की त्याला चिकटून चमकतो, तोवर स्क्रीन काळीठिक्कर, फोकससाठी टाकलेले दोन-चार बीड्स (चमकणारे बारीक मणी) सोडले तर काहीच नाही. एरवी आम्ही ताटकळत बसतो आणि कुठेतरी एखादी रेष निघते. त्या दिवशी मी एका हातानं नॉब फिरवत बीड धरून ठेवला होता, घाम कोपरावरून टेबलावर टपकत होता, लॅम-बी आत गेलं आणि स्क्रीनवर एक पांढरी रेष सर्रकन द्रावणाच्या प्रवाहाच्या दिशेला ओढली गेली. लगेच दुसरी. मग कोपऱ्यात एकदम तीन! अमेरिकेतल्या कॅल्टेकच्या लोकांनी २००७ मध्ये मोजलं होतं की लॅम्डाचा अख्खा डीएनए, म्हणजे ४८,५०२ बेस पेअर (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), दीडेक सेकंदात बाहेर येतो, ते वाचलेलं होतं हो, पण आपल्या डोळ्यांसमोर तसं होताना बघणं वेगळंच.

सर आले, घाम पुसत बघितलं, आणि पहिलं वाक्य काय, तर "उन्हानं फाज फुटत असतील." ठीक आहे. नवीन चेंबर भरलं, फाज तेच, गरमी तीच, फक्त लॅम-बी नाही. एकही रेष नाही. म्हणजे फुटत नव्हते, उघडतच होते.

मग रोजच असं का होत नाही? ते ज्युनियरनं पकडलं, पोरगं हुशार आहे. सॅम्पल ठेवतो त्या स्टेजचा हीटर ३७ दाखवतो, पण ऑइल ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे सॅम्पलजवळची मुख्य लेन्स, हा पितळ-काचेचा भरीव ठोकळा, तेलातून थेट काचेला टेकलेला. रूम २२ वर असली की तो सॅम्पलमधली उष्णता ओढून घेतो, म्हणजे डिस्प्लेवर ३७ आणि आपण जिथे बघतोय तिथे त्याहून बरंच थंड. त्या दिवशी ऑब्जेक्टिव्हच ३९ ला तापलेला. आणि २०१४ चं एक काम आहेच की, ३७ च्या आसपास डब्यातला आखडलेला डीएनए सैल होतो आणि बाहेर पडायला सोपं जातं. दुसऱ्या दिवशी तापमान मोजणारी केसाएवढी थर्मोकपलची तार चेंबरमध्ये सरकवून बघितलं, एसी चालू असताना ३१ निघालं!

ऑब्जेक्टिव्हला गुंडाळायचा वेगळा हीटर मिळतो, त्याचं कोटेशन मागवलंय, पण ती फाईल कुठून कुठे फिरते ते ज्यांनी खरेदी केलीय त्यांनाच ठाऊक. तोपर्यंत सरांचा हुकूम आहे, लाईन येऊन एसी चालू झाला असला तरी लॅम्डाच्या दिवशी लावायचा नाही, आणि काका येता-जाता विचारतात, "मग आता कूलर आणू का?"