"तू काय खाल्लंस?" आणि तान्ह्या बाळाचा गॅस

बाळंतिणीच्या घरात संध्याकाळी बाळ रडायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तू आज काय खाल्लंस? बाळाला काय होतंय ते नंतर बघू, आधी आईच्या ताटाची झडती. माझं बाळंतपण सांगलीला माहेरी झालं तेव्हा आई विचारायची, सव्वा महिन्यानंतर डोंबिवलीला आले तर सासूबाई विचारायला लागल्या, आणि मालिशवाल्या मावशी तर बाळाच्या पोटावर टिचकी मारून "काल बटाटा होता वाटतं" असं छातीठोक सांगायच्या. बटाटा बंद झाला, मग कोबी, वांगं, वाल, हरभऱ्याची डाळ, सगळं एकेक करून बंद. शेवटी मी दुधी, शेपू, मुगाचं वरण आणि भाकरी यावर आले, तरी आमची कन्या रोज दिवेलागणीला तितक्याच जोरात रडायची, पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून, लालबुंद होऊन.

मग मी डॉक्टरांना सरळ विचारलं की माझ्या पोटातला गॅस दुधातून हिच्या पोटात जातो का. त्या हसल्या. दूध रक्तातून बनतं, पोटातून नाही. कोबी-डाळीचा जो भाग आपल्याला पचत नाही त्यावर मोठ्या आतड्यातले जीवाणू गॅस करतात, आणि तो आपल्याच आतड्यात राहतो, आणि तिथून कुठून बाहेर पडतो ते सगळ्यांना माहितीय :) तो काही दुधात चढत नाही.

पण जेवणातलं काहीच दुधात उतरत नाही असंही नाही बरं का. प्रथिनं थोडी उतरतात, आणि काही बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. मग शीमध्ये रक्ताचे धागे किंवा शेंबडासारखा चिकटपणा दिसतो, अंगावर पुरळ येतं, वजन नीट वाढत नाही. असं असेल तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दही-पनीर बंद करून बघायला सांगतात. आता गंमत बघा, बाळंतिणीला आपण सगळ्यात जास्त काय देतो? दूध, खीर, आळिवाची खीर, वर अजून एक ग्लास दूध. वांग्यावर अख्ख्या घराचा संशय आणि दुधावर कोणाचाच नाही. (आमच्या बाळाला तसलं काही नव्हतं, त्यामुळे माझं दूध चालू राहिलं आणि वांगंही परत आलं.)

तर हा गॅस येतो कुठून? बराचसा गिळलेल्या हवेचा. पिताना हवा जाते, आणि रडतानाही भरपूर जाते. म्हणजे गॅस झाला म्हणून रडतंय असं आपण म्हणतो पण पुष्कळदा उलटं असतं, रडून रडून गॅस झालेला असतो. आणि चांगलं पिणारं, वजन वाढणारं बाळ रोज ठरल्या वेळी काही केल्या शांत होत नाही त्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात. वेसल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५४ मध्ये त्याची तीनाची व्याख्या केली, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त, आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेली रड. आता व्याख्या बदललीय पण लक्षात राहते ती हीच. साधारण सहाव्या आठवड्यात ही रड कळसाला जाते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. नेमकं कारण डॉक्टरांनाही पक्कं सापडलेलं नाही.

ती वाढते संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे नेमकी कातरवेळेला, म्हणून मग दृष्ट. मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून टाकल्या की अर्ध्या तासात बाळ शांत होतं, कारण तोवर ते दमलेलं असतं. माझा दृष्टीला विरोध नाही, तेवढ्या वेळात बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतं. फक्त मिरच्यांचा नाहीतर ओवा-शेपाचा धूर बाळाच्या खोलीत नको, एवढीशी फुफ्फुसं असतात ती.

आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो पाजण्याच्या पद्धतीने. पिताना चुटुक-चुटुक आवाज येत असेल तर हवा जातेय, म्हणजे बाळाने नुसतं बोंड धरलंय. तोंड मोठं उघडून भोवतीचा काळा भागही तोंडात जायला पाहिजे आणि बाळाची हनुवटी आईच्या छातीला टेकलेली पाहिजे. दूध फार जोरात येऊन बाळ ठसकत असेल तर आपण जरा मागे रेलून पाजायचं. बाटलीने पाजत असाल तर बाटली अशी तिरकी धरा की निपलमध्ये दूधच भरलेलं राहील. आणि बाळ भुकेने किंचाळेपर्यंत थांबायचं नाही, मुठी चोखायला लागलं की घ्यायचं, कारण रडतारडता प्यायलं की हवेचा डबल डोस.

मग ढेकर. खांद्यावर घेऊन नुसती पाठ थोपटत बसलं की येतेच असं नाही. आमची खांद्यावर ढिम्म असायची पण मांडीवर बसवून, एका हाताने हनुवटी-छाती धरून (गळा नाही, जबडा) जरा पुढे झुकवलं आणि पाठीवरून खालून वर हात फिरवला की मस्त मोठ्या माणसासारखी ढेकर. पाच-दहा मिनिटांत नाही आली तर सोडून द्या, अंगावरच्या बाळाला दरवेळी येतेच असं नाही.

रड सुरू झाल्यावर माझा हुकमी प्रकार म्हणजे बाळाला कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं कोपराशी, पाय दोन्हीकडे सोडलेले, पोटाखाली आपला हात, आणि घरभर चालत राहायचं. हे नवऱ्याला माझ्यापेक्षा छान जमायचं, त्याचा हात लांब. बाळ हसतंखेळतं असेल तेव्हा पाठीवर झोपवून पायांची सायकल, आणि गुडघे हळूच पोटाशी नेऊन दोन क्षण धरून सोडायचे. पोटावर तेलाचा हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा कारण मोठं आतडं तसंच वळतं. पाजल्यावर लगेच नाही, सगळं बाहेर येईल. आणि यातून एकदा का बाळ पादलं की काय आनंद होतो घरात, सासरे हॉलमधून "वा!" म्हणायचे. पालथं धरणं फक्त जागेपणी मात्र, झोपवायचं पाठीवरच.

हिंगाचं पाणी बेंबीभोवती लावणं सगळीकडे चालतं. नाळ पडून जागा सुकलेली असेल आणि त्वचा लाल होत नसेल तर त्यात फार काही बिघडत नाही, आमचा हिंग मला तरी शेकाइतकाच वाटला. हिंग पोटात द्यायचा नाही. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी घालायचा प्रकार मी घरात बंदच केला. पहिल्या काही महिन्यांत बाळ शी करताना लाल होऊन कुंथतं, रडतं, आणि शी होते मऊच. त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत, जोर लावायचा आणि खालचं सैल सोडायचं हे एकाच वेळी त्याला अजून जमत नसतं. देठाची सवय लावली तर ते शिकायचं राहतं.

बाळगुटीवरून मात्र आमच्याकडे वाजलं. सहाणेवर मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळाचे वळसे उगाळून आईच्या दुधात, आणि चाटवायला मध. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, मधातून एका जीवाणूचे बीजाणू जाऊन बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, हे डॉक्टरांनीच सासूबाईंना सांगितलं तेव्हा विषय मिटला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गुटी दिली की बाळ कसं शांत झोपतं. मला तीच भीती होती. मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका एके काळी तान्ह्यांना अफूची बाळागोळी द्यायच्या, बिचाऱ्यांना दुसरा इलाजही नव्हता, ती बाळंही शांतच झोपायची. ग्राइपवॉटर इंग्लंडात नॉटिंगहॅमला वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने १८५१ मध्ये काढलं, त्यात बडीशेपेची बहीण म्हणजे आपला बाळंतशेपा, खायचा सोडा, साखर आणि अल्कोहोलसुद्धा होतं. ब्रिटनमध्ये १९९२ ला त्यातलं अल्कोहोल काढायला लावलं. आताच्या बाटल्यांमध्ये नसतं, पण गोड पाण्याने बाळ गप्प बसतं यात नवल काय.

गॅसच्या थेंबांचंही तेच. त्यातलं सिमेथिकोन अपायकारक नाही, पण १९९४ मध्ये छापून आलेल्या चाचणीत कॉलिकसाठी ते आणि औषध नसलेलं पाणी यात फरक दिसला नव्हता. बाटलीवर डायसायक्लोमिन लिहिलंय का तेवढं वाचा. सहा महिन्यांखालच्या बाळांना ते देत नाहीत, श्वास अडकल्याच्या घटना झाल्यात. शेजारणीच्या बाळाला चाललं म्हणून मेडिकलमधून आणून द्यायची वस्तू नाही ती.

आणि मेळघाटात पोटफुगीवर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला, २०२५ मध्येही तान्ह्या बाळांच्या बातम्या आल्या. दवाखाना लांब, त्यावर विश्वास नाही, आणि बाळ समोर कळवळतंय. वाचून झोप उडते, पण नुसतं "अडाणी" म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही.

दवाखान्यात ताबडतोब कधी पळायचं ते मी फ्रिजवर लिहून लावलं होतं. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, पोट टणक आणि फुगलेलं, पिणंच सोडलं, बाळ मलूल झालं, जांघेत गाठ, तीन महिन्यांच्या आत ताप १०० पॉइंट ४ किंवा त्याहून जास्त. आणि अचानक थांबत नाही असं रडलं तर मोजे काढून बोटं बघा, बाळंतपणानंतर आपले केस गळतात ना, एखादा केस बाळाच्या बोटाला करकचून गुंडाळलेला असू शकतो. आपलंच डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून दुसऱ्या खोलीत पाच मिनिटं जा. रडू दे. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आमची रड चौथ्या महिन्यात कधी बंद झाली कळलंच नाही. सासूबाईंच्या मते हिंगाने, नवऱ्याच्या मते त्याच्या हातावरच्या फेऱ्यांनी, आणि आई फोनवर म्हणाली, बघ, कोबी बंद केलास ना.