आवाज माझा, चॅनेल भलत्याचं: एआय नक्कल हटवताना कुठे अडलं आणि कुठे सुटलं

नकली चॅनेल सापडलं की हात पहिल्यांदा कमेंटकडे जातो. तो आवरा. समोरच्याला सुगावा लागला की व्हिडिओ खासगी होतात, चॅनेलचं नाव बदलतं आणि पुरावा म्हणून आपली आठवण तेवढी उरते. मी गोष्टी लिहून वाचून दाखवते. मुखचित्रंही मीच काढते. संहिता, आवाज आणि चित्र या तिन्हींची नक्कल यूट्यूबच्या एकाच चॅनेलवर दिसली आणि तिन्हींसाठी वेगळे फॉर्म भरावे लागले. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून त्याबद्दल पुढे जरा जास्त लिहिलं आहे.

आधी पुरावा. स्क्रीनशॉट घेताना वरचा पत्ता पूर्ण दिसला पाहिजे, तारीख-वेळ कोपऱ्यात दिसली पाहिजे. चॅनेलचं नाव आणि हँडल कधीही बदलता येतं. यूट्यूबवर मात्र ‘यूसी’ने सुरू होणारी 24 अक्षरी चॅनेल आयडी तीच राहते, म्हणून वहीत ती उतरवायची. वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर पान जतन केलं, पण त्यावर विसंबू नका: पानाचा मजकूर राहतो, व्हिडिओ बहुतेकदा राहत नाही. व्हिडिओची फाइल वेगळी उतरवून घ्यावी लागते. मग प्रत्येक फाइलचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढला. विंडोजमध्ये सर्टयुटिल, मॅकमध्ये शासम या आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असतात. 64 अक्षरांची ती ओळ फाइलमधला एक बिट हलला तरी पार बदलते. हॅशची यादी त्याच दिवशी स्वतःला मेल केली, म्हणजे मेल सर्व्हरची तारीख तिला चिकटली. एक चूक इथे सर्रास होते: पुराव्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे फोटो म्हणून पाठवले जातात. त्यात फोटो दाबून लहान होतो आणि कॅमेऱ्याची आतली माहिती गळून पडते. पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरा गठ्ठा आपल्या मूळ कामाचा. तयार एमपी3 कुणाकडेही असू शकतो; चुकलेले टेक, मध्येच आलेला खोकला, पुन्हा वाचलेली ओळ असलेली न कापलेली वेव्ह फाइल फक्त मूळ वाचणाऱ्याकडे असते. चित्राचंही तसंच: जेपीजी नव्हे, थर शाबूत असलेली फाइल ठेवायची. मी जागा वाचवायला जुनी सत्रं पुसत असे. ती सवय सोडली.

आता तुलना. ‘हे एआयनं केलंय’ हे सिद्ध करत बसू नका. एआय ओळखणारी साधनं टक्केवारी देतात, ती पुरावा म्हणून कुणी धरत नाही, आणि कॉपीराइटच्या फॉर्मला त्याचं देणंघेणंही नसतं. तिथे प्रश्न एवढाच की माझं काम उचललंय का. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे नक्कल झालेली चूक. एका मुखचित्रात मी खिडकीची कडी बिजागरीच्याच बाजूला काढून ठेवली होती. नकली चित्रात रंग वेगळे, मुलीचा चेहरा वेगळा, पडदा नवा. कडी मात्र बिजागरीच्याच बाजूला. माझं चित्र 50 टक्के पारदर्शक करून त्यावर ठेवलं तर चौकट, टेबलाची कड आणि सावली रेघेवर रेघ बसली. म्हणजे माझंच चित्र साधनात घालून त्यावर नवा मुलामा दिला होता. तीच जोडी तक्रारीला लावली. उलट जिथे फक्त ‘शैली माझ्यासारखी’ होती ती चित्रं मी सोडून दिली. शैलीवर कॉपीराइट नसतो, आणि अशी चार कमकुवत उदाहरणं घातली की दोन पक्की उदाहरणंही पातळ होतात.

संहितेत तोच न्याय. चॅनेलवर माझ्या अकरा गोष्टी होत्या. सातांची वाक्यं यंत्राकडून फिरवून घेतलेली होती, चारांत परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे. हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. म्हणून संहितेची तक्रार फक्त त्या चारांवर केली.

आणि आवाज. पहिला फॉर्म मी इथेच चुकवला. कॉपीराइटच्या रकान्यात लिहिलं, ‘हा माझा आवाज आहे.’ दोन ओळींत परत आला, आणि ते बरोबरच होतं. कॉपीराइट रेकॉर्डिंगला असतो, गळ्याला नसतो. माझ्या रेकॉर्डिंगचा एक सेकंदही न वापरता माझ्या आवाजात नवी वाक्यं वदवली असतील तर कॉपी झाली असं म्हणताच येत नाही. रेकॉर्डिंगशी जुळणी शोधणारी स्वयंचलित यंत्रणाही क्लोन, म्हणजे यंत्रानं उभी केलेली आवाजाची नक्कल, पकडत नाही, कारण जुळवायला रेकॉर्डिंगच नसतं. आवाज आणि चेहरा यांची तक्रार खासगीपणाच्या किंवा तोतयेगिरीच्या फॉर्ममध्ये जाते. नाव आणि बोधचिन्ह ट्रेडमार्कच्या. यूट्यूबने 2024 मध्ये एआयने बनवलेल्या चेहरा-आवाजासाठी खासगीपणाच्या प्रक्रियेत स्वतंत्र वाट काढली. ती सहसा ज्याचा आवाज त्यानेच भरायची असते. त्यात पाहतात की व्यक्ती नेमकी ओळखू येते का, मजकूर कृत्रिम असल्याचं सांगितलंय का, विडंबन आहे का. व्हिडिओ टाकणाऱ्याला आधी 48 तास मिळतात.

‘ओळखू येते का’ यासाठी मी तीन गोष्टी दिल्या: माझ्या व्हिडिओचा दुवा मिनिट-सेकंदासह, नकलीचा तसाच दुवा, आणि खालच्या कमेंट ज्यात ऐकणाऱ्यांनी मला नावानं ओळखलं होतं. तिसऱ्या गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला असं मला वाटतं. एक गंमतही नोंदवून ठेवली. क्लोन माझा स्वर, माझे थांबे उचलतो, पण ‘चारा’ म्हणताना ‘चार’मधला च लावतो आणि दुनियेच्या अर्थाचा ‘जग’ पाण्याच्या जगासारखा उच्चारतो. मराठीतले दोन च आणि दोन ज लिपीत दिसत नाहीत, त्यामुळे यंत्र तिथे अडखळतं. हा मी वाचलं नसल्याचा पुरावा आहे, आवाज माझा असल्याचा नाही. कुठे लावायचा ते नीट ठरवा.

कॉपीराइटची नोटीस. 1886च्या बर्न करारामुळे सदस्य देशांत हक्कासाठी नोंदणीची अट नाही, काम निर्माण झालं की हक्क आला. मोठे प्लॅटफॉर्म जी पद्धत वापरतात ती अमेरिकेच्या 1998च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यातली, कलम 512. नोटिशीत सहा गोष्टी लागतात: सही (टाइप केलेलं नाव चालतं), मूळ काम कोणतं, नक्कल नेमकी कुठे, संपर्क, वापराला परवानगी नाही अशी आपली प्रामाणिक समजूत असल्याचं विधान, आणि माहिती अचूक असून तक्रारीचा अधिकार आपल्याला आहे हे, त्यातला अधिकाराचा भाग खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून. ‘नेमकी कुठे’ म्हणजे चॅनेलचा दुवा नव्हे. प्रत्येक व्हिडिओचा वेगळा दुवा, शक्य तिथे ‘2:14 ते 3:40’ असं. ‘सगळंच चोरलंय’ असं लिहिलेली तक्रार अडकते. खोटं लिहिलं तर नुकसानभरपाई आपल्याच गळ्यात पडू शकते, तेव्हा शंका असलेला व्हिडिओ यादीतून काढा. शिवाय आपलं नाव आणि मेल समोरच्याला कळू शकतं. कामाचा वेगळा पत्ता द्या, घरचा नको.

समोरच्यानं प्रतिनोटीस, म्हणजे मजकूर चुकून काढला असं उलट उत्तर, दिली तर घड्याळ फिरतं. आपण कोर्टात गेलो नाही तर साधारण 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढतो. प्रतिनोटिशीत खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो, म्हणून तोतये सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. माझ्या बाबतीत आली नाही. तरीही वकिलाशी बोलणं आधी करून ठेवलेलं बरं, दहा दिवस बघता बघता जातात.

त्याच गोष्टी एका स्वतंत्र वेबसाइटवरही होत्या. अशा वेळी तक्रार होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते त्याच्याकडे, जाते. साइटपुढे सीडीएन, म्हणजे तिच्या प्रती जागोजागच्या सर्व्हरवरून पुरवणारी मधली सेवा, असेल तर खरा होस्ट दिसत नाही. सीडीएनकडे तक्रार केली की ती पुढे सरकते, मजकूर मात्र ते स्वतः सहसा काढत नाहीत. सर्च इंजिनमधून दुवा काढायचा अर्ज त्याहून वेगळा. चित्रं शोधायला गूगल लेन्स आणि टिनआय दोन्ही वापरा, एकाला न सापडलेलं दुसऱ्याला सापडतं.

पुढची काळजी थोडक्यात. 2021 मध्ये सुरू झालेल्या सीटूपीए या कंपन्यांच्या गटाच्या पद्धतीनं फाइलला उगमाची सही जोडता येते, पण स्क्रीनशॉट घेतला की ती गेली. चित्रांसाठी शिकागो विद्यापीठाचं ग्लेझ आहे, ते एआयला शैली उचलता येऊ नये म्हणून चित्रावर सहसा नजरेत न भरणारा लेप चढवतं; मी वापरते. मात्र असा लेप काढून टाकण्याची पद्धतही संशोधकांनी 2025 मध्ये दाखवली. आवाजाचं तर विचारूच नका: मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी 2023 मध्येच तीन सेकंदांच्या नमुन्यावर आवाज उभा केला होता, म्हणजे नमुना लपवणं निरर्थक. त्यापेक्षा करारात एक ओळ घाला: दिलेलं रेकॉर्डिंग कोणत्याही मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वा आवाजाच्या नकलेसाठी वापरता येणार नाही.

संहितेचे चार आणि मुखचित्रांचे दोन व्हिडिओ कॉपीराइटवर उतरले. उरलेल्या पाचांपैकी तीन आवाजाच्या फॉर्मवर गेले. दोन अजून आहेत. त्यांत स्वर थोडा वर चढवलाय, आणि ‘व्यक्ती नेमकी ओळखू येत नाही’ असं उत्तर आलं. दोन्हींचे दुवे मी एका तक्त्यात लिहून ठेवले आहेत, दर सोमवारी त्यांच्या कमेंट वाचते. कुणी माझं नाव घेतलं की स्क्रीनशॉट काढून ठेवते.