लाल रंग

आज दिवसभर विक्रोळीच्या सूर्यनगरात डोंगरउतारावरची घरं नकाशावर टिपत होतो. उतार किती, मुरमाचा थर कुठे, पाणी कुठून झिरपतं, सगळं मोबाइलवर. दरडीचा धोका असलेलं घर नकाशावर लाल. संरक्षक भिंतीतली पाणी जायची निम्मी भोकं बुजलेली. एकात तर कुणीतरी टूथब्रश खोचून ठेवलेला! अशा भिंती बऱ्याचदा मागे तुंबलेल्या पाण्याच्या दाबानंच पडतात. १८ जुलै २०२१च्या पहाटे पावसात दरड आणि भिंत कोसळून इथे आणि चेंबूरच्या भारतनगरात माणसं गेली, ते इथे कुणाला सांगावं लागत नाही.

तरी एक मावशी चहा देत म्हणाल्या, "आमचं घर लाल दाखवू नकोस रे बाबा, वरच्या खोलीला भाडेकरू मिळायचा नाही."

चहा घेतला. त्यांच्या मोरीमागचा मुरूम हाताला ओला लागला होता. लालच केलं.