आण्णांची कपबशी

रात्री साडेनऊला दार वाजवून आण्णांनी "तुझा यादीतला नंबर तोच हाय न्हवं?" असं विचारलं की समजायचं, लोकसभा लागली आणि आण्णा अपक्ष उभे राहणार. २०१४ ला विचारलं, २०१९ ला विचारलं, आणि २०२४ ला पण विचारलं. तिसऱ्या वेळी तर त्यांनी माझा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतःच डायरीत लिहून आणलेला, मी फक्त मान हलवायची बाकी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असलं की फॉर्मवर एक सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारा, पुरतो, अपक्षाला मात्र दहा लागतात, आणि ते दहाच्या दहा त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. आता दहा माणसं गोळा करणं म्हणजे काय मोठी गोष्ट असं वाटेल, पण भर उन्हाळ्यात दहा जणांकडून कागदावर सही घेऊन बघा एकदा, कुणाचा भाऊ एका गटात, कुणाचं पोरगं कारखान्यात चिकटलेलं, कुणाला वाटतंय उद्या आपलं नाव व्हॉट्सॲपवर फिरंल. आण्णांच्या दहापैकी सहा आमच्या गल्लीतलेच. त्यात मी, आमचा टेलर, पिठाची गिरणीवाला आणि असेच तिघं.

आण्णा म्हणजे रिटायर्ड एसटी कंडक्टर. माझ्या वडिलांचे दोस्त, वडील गेले तरी येणं-जाणं तसंच राहिलंय. आणि ह्या माणसाचा लोकसभेचा मुद्दा काय, तर रेल्वे! जन्मभर एसटीची घंटी ओढली आणि भांडायचं कशासाठी तर कोल्हापूर-वैभववाडी लाईनसाठी. त्यांचं म्हणणं सोपं आहे. १८९१ ला मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली, ती स्टेशनात जी थांबली ती अजून पुढं गेलेली नाही. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, कोल्हापूर ते तिच्यावरचं वैभववाडी अंतर शंभर-एकशेदहा किलोमीटर, २०१६ च्या रेल्वे बजेटमध्ये लाईनचं नाव आलं, पेढे वाटून झाले, आणि घाट आहे तिथंच आहे. "खासदारानं दिल्लीत जाऊन एवढंच विचारायचं, गाडी पुढं कधी जाणार? बाकी गटारी-बिटारी नगरसेवक बघंल," हे आण्णांचं सगळं भाषण. दीड मिनिटात संपतंय.

लोक हसायचे. २०१४ ला तर काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. पण आण्णांकडं एक हुकमी उत्तर असायचं, ते म्हणजे २००९. सदाशिवराव मंडलिक त्या वर्षी अपक्ष उभे राहिले आणि खासदार झाले, ते पण पंचाहत्तरीच्या आसपास असताना. "कोल्हापूरनं अपक्षाला दिल्लीला धाडलंय की नाही?" मी म्हणायचो, आण्णा, मंडलिक साहेब त्याच्या आधी तीन वेळा खासदार होते, त्यांची माणसं गावागावात होती, तुमची कुठं हायत? तर म्हणायचे, "माझी पण हायत, फक्त ती गाडीत बसून निघून गेलीत."

खरं सांगायचं तर परत परत उभं राहण्याला कोल्हापुरात कुणी नावं ठेवावीत अशी परिस्थिती पण नाही. धनंजय महाडिक २००४ ला शिवसेनेकडून पडले, २०१४ ला राष्ट्रवादीकडून निवडून आले, २०१९ ला परत पडले आणि २०२२ ला भाजपकडून राज्यसभेत गेले. संजय मंडलिक २०१४ ला पडले, २०१९ ला दोन लाख सत्तर हजारांनी आले, २०२४ ला शाहू महाराजांसमोर दीड लाखानं गेले. शेजारच्या हातकणंगल्यात राजू शेट्टी, "एक नोट एक व्होट" म्हणत शेतकऱ्यांच्याच पैशानं दोनदा खासदार, आणि मग दोनदा पराभव. आमच्याकडं पडलेला माणूस घरी बसत नाही, तो पैरा फेडायची वाट बघत बसतो. फरक एवढाच की त्यांच्या मागं कारखाना, दूधसंघ, बँक, ठरावधारक असलं काहीतरी असतंय आणि आण्णांच्या मागं मी आणि माझी स्प्लेंडर.

२०१९ ला काँग्रेसच्या सतेज पाटलांचं "आमचं ठरलंय" गावभर गाजत होतं, गाड्यांच्या काचांवर तेच, पोरांच्या स्टेटसला तेच. आण्णांनी पत्रकावर छापलं, "माझं पण ठरलंय." ते पत्रक लोकांनी हौसेनं मागून घेतलं राव! पण खाली नियमाप्रमाणं छापखान्याचं नाव आणि प्रती किती ते द्यावं लागतंय, तिथं बारीक अक्षरात "प्रती २०००". मतदार अठरा-एकोणीस लाख आणि पत्रकं दोन हजार. एका कॉलेजच्या पोरानं ते वाचून दाखवलं तेव्हा आण्णा म्हणाले, "दोन हजार खपू देत, मग बघू."

तिसऱ्या खेपेला एक गोष्ट बदललेली. वय पासष्टच्या पुढं गेल्यामुळं एसटीत अर्धं तिकीट. त्यामुळं सगळा प्रचार लालपरीतनं. सकाळी सहाला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, तिथनं आज राधानगरी, उद्या गारगोटी, परवा गगनबावडा. एसटीत बसून पत्रकं वाटायला लागले तर दुसऱ्याच दिवशी कंडक्टरनं, म्हणजे ह्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोरानं, हात जोडून सांगितलं की आण्णा आचारसंहिता हाय, माझी नोकरी घालवशीला. मग गाडीत गप बसायचं आणि स्टॉपवर उतरून वडाच्या सावलीत जी दोन-चार माणसं असतील त्यांना पत्रक द्यायचं, पुढची गाडी येईपर्यंत.

आणि खर्चाचं रजिस्टर! मला वाटतं त्या सगळ्या निवडणुकीतली सगळ्यात देखणी वस्तू तीच असणार. उमेदवारानं वेगळं बँक खातं काढायचं, रोजचा खर्च लिहायचा, प्रचाराच्या काळात किमान तीनदा तपासून घ्यायचा, चहा-वडापावचे दरसुद्धा निवडणूक ऑफिस ठरवून देतं. मर्यादा ९५ लाखांची. आण्णांनी प्रत्येक पानावर अर्धी तिकिटं डिंकानं चिकटवलेली, तारखेवार, एकाखाली एक, कोपरे जुळवून, जसा कंडक्टर वेबिल भरतो तसं. मी बरोबर गेलेलो तपासणीला. तिथला माणूस पानं उलटत गेला, उलटत गेला, आणि शेवटी विचारलं, "आणि गाड्या?" आण्णा म्हणाले, "ह्याच की. सगळ्या महामंडळाच्या." तो माणूस हसला नाही. त्यानं टोपण लावून पेन ठेवलं आणि म्हणाला, माझे वडील पण एसटीत होते.

चिन्ह कपबशी. फॉर्ममध्ये तीन चिन्हं पसंतीनं लिहायची असतात, आण्णांनी आधी शिट्टी मागितलेली (कंडक्टर म्हणून), ती काही मिळाली नाही. चिन्हाला कुणी हसत असेल तर त्यानं साताऱ्याकडं बघावं, त्याच निवडणुकीत तिथं तुतारीशी गल्लत होणाऱ्या पिपाणीला ३७ हजार मतं पडली आणि शरद पवारांच्या पक्षाचा तुतारी वाजवणारा माणूस ३२ हजारांनी हरला.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो, कारण ते सोडून हे सगळं लिहिण्यात काय अर्थ नाही.

७ मेला सकाळीच गेलो मतदानाला. ऊन असं की रांगेतल्या बायकांनी पदर डोक्यावर घेतलेले. आत गेलो, शाई लावली. एका मशीनवर "वरीलपैकी कुणी नाही"चं नोटा बटण धरून सोळाच बटणं मावतात, आमच्याकडं उमेदवार जास्त असल्यामुळं दोन मशीनं जोडलेली. मोठे पक्ष वर, मग छोटे पक्ष, अपक्ष सगळ्यात खाली, म्हणजे आण्णा दुसऱ्या मशीनवर. मी घरातनं निघताना ठरवूनच निघालेलो की कपबशी. आणि तिथं उभं राहिल्यावर डोक्यात ते नेहमीचं सुरू झालं, ह्या वेळी चुरस आहे, मत वाया कशाला घालवायचं, एकानं काय होतंय. दुसऱ्या मशीनपर्यंत हात गेलाच नाही. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. सात सेकंद लई असतात. चिठ्ठीवर कपबशी नव्हती.

बाहेर शंभर मीटरच्या रेषेपलीकडं आण्णा उभे होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन. "झालं?" म्हणाले. म्हटलं झालं. त्यांनी माझ्या बोटावरची शाई बघितली, बास. कुणाला टाकलं असलं काय त्यांनी आयुष्यात कधी विचारलेलं नाही.

४ जूनला निकाल. डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, म्हणजे आमच्याकडं सव्वादोन लाखांच्या वर, त्यामुळं २५ हजार गेले, तिसऱ्यांदा. त्याचं त्यांना काय वाटत नाही, दरमहा पाचशेची आरडी असते त्यांची, लोकसभेपुरती, काकूंना माहीत आहे पण त्या माहीत नसल्यासारखं करतात.

वाटत होतं ते बूथचं. काही दिवसांनी फॉर्म २० येतो, त्यात कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं ते सगळं असतं. मला माहीत होतं, आण्णा तो काढणार. काढलाच, सायबर कॅफेतनं, सगळ्या पानांच्या झेरॉक्ससकट, आणि रात्री साडेनऊला दार वाजलं. तो गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. आमच्या केंद्राच्या ओळीला पेन्सिलनं एक बारीक टिंब केलेलं. कपबशी, ४. त्या चारात आण्णा आणि काकू धरा. सूचक सहा. गणित दुसरीच्या पोराला जमेल.

मी काय बोलणार. पाणी आणून दिलं. आण्णांनी पाणी पिलं, पानं उलटली आणि चंदगडच्या बाजूच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ३७. "ह्या गावात मी पाय ठेवल्याला नाही," म्हणाले, "इथं कोण हाय आपलं?" आवाज असा, जसा लॉटरीचा नंबर जुळल्यासारखा. टिंबावर त्यांनी नंतर पण बोट ठेवलं नाही, आणि मी पण तिकडं बघितलं नाही.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी गेलो. कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज असं, म्हणजे आपल्याच मतदारसंघात जायला मधी कर्नाटक ओलांडायचं. संकेश्वरला आण्णांनी बेळगावची १९९६ ची गोष्ट सांगितली, ४५६ उमेदवार उभे होते तिथं एका जागेला, सीमाप्रश्नासाठी. "डिपॉझिट पाचशे होतं तवा," म्हणाले. हळहळल्यासारखं.

गावात देवळापुढं कट्ट्यावर तिघं-चौघं बसलेले. आण्णांनी नमस्कार केला, नाव सांगितलं, कुणाच्या काय ध्यानात येईना. मग म्हणाले, लोकसभेची कपबशी. तसं एक म्हातारा एकदम खुलला. "कपबशी व्हय! ती आमच्या पॅनेलची हो. ग्रामपंचायतीला बी तीच, सोसायटीला बी तीच. आमच्या आळीला सांगून ठेवल्यालंच हाय, कपबशी दिसली की दाबायचं. हे दिल्लीचं हाय म्हणून कुणाला ठावं!"

सगळे हसले, मी पण हसलो, जरा जास्तच हसलो. चहा आला, कागदी कपातनं. आण्णा फुंकर मारत निवांत पीत होते. पिऊन झाल्यावर त्यांनी कप चुरगाळून खिशात टाकला, डायरी काढली, पेनचं टोपण उघडलं आणि त्या म्हाताऱ्याला विचारलं, "सोसायटीची परत कधी लागणार म्हणालासा?"