लग्नाच्या पोशाखावरचे न दिसणारे डाग

लग्नानंतरचे पहिले काही आठवडे पाहुण्यांना निरोप देण्यात आणि राहिलेली झोप पूर्ण करण्यात गेले, आणि माझा पांढरा रेशमी पोशाख दारामागे हँगरवर तसाच लटकत राहिला. महिन्याभराने तो उलगडून पाहिला, तेव्हा घेराच्या खालच्या काठाला लागलेली धूळ सोडली तर त्यावर डाग म्हणावा असे काहीच दिसले नाही, म्हणून तो झटकून मी निश्चिंत मनाने कपाटात ठेवून दिला. वर्षभराने बाहेर काढला, तर पुढच्या बाजूला बोटाच्या टोकाएवढे चार तपकिरी ठिपके उमटले होते.

ते साखरेचे होते. फिकट रंगाचे गोड पेय कपड्यावर सांडले की वाळल्यावर त्याचा मागमूस राहत नाही, पण त्यातली साखर धाग्यांत तशीच राहते आणि हवेच्या संपर्काने महिनोन् महिने हळूहळू पिवळी, मग तपकिरी होत जाते. त्यावर इस्त्री फिरली तर हेच काम काही क्षणांत होते. घामाचेही तसेच आहे. काखेतले आणि पाठीवरचे क्षार रेशीम पिवळे तर करतातच, शिवाय त्या जागी कापड इतके कमकुवत करतात की पुढे ते नुसत्या ओढीने विरते. खालच्या काठाचा चिखल सर्वांनाच दिसतो आणि म्हणून तो धुतलाही जातो, परंतु पोशाखाचा खरा घात असे न दिसणारे डाग करतात.

ड्राय क्लीनिंगने सगळेच डाग जातात, हा गैरसमज येथे दूर केला पाहिजे. त्यात वापरले जाणारे द्रावक तेल, मेण आणि मेकअप उत्तम विरघळवते. मात्र साखर आणि क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने नुसत्या द्रावकाने ते जातीलच असे नाही. त्यामुळे पोशाख देताना कोणते पेय सांडले, कुठे सांडले, दिवसभर घाम किती आला, हे सगळे सांगावे आणि शंका असलेल्या जागी दोऱ्याचा सैल टाका घालून खूण करावी. मला हे सांगायला संकोच वाटला होता, आणि तो संकोच महागात पडला. मणी आणि टिकल्या शिवलेल्या आहेत की डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेल्या, हेही आधी पाहून सांगावे, कारण काही द्रावकांत हा चिकटा मऊ पडतो आणि काही प्लॅस्टिकच्या मण्यांवरचा मुलामा उतरतो. चांगला कारागीर आतल्या शिवणीजवळ चाचणी करून पाहिल्याशिवाय हात घालत नाही; जो तशी चाचणी करायलाच नकार देतो, त्याच्याकडे पोशाख देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी धुण्याचा मोह पॉलिएस्टरच्या साध्या पोशाखापुरताच ठेवावा. रेशीम हे प्रथिन आहे, त्यामुळे प्रथिनांचे डाग काढणारी विकरे (एन्झाइम) असलेली कपड्यांची पावडर रेशमावरही हल्ला करते, आणि क्लोरीनयुक्त ब्लीच तर त्याची कायमची हानी करते. डाग ओला असताना पांढऱ्या सुती कापडाने नुसता टिपून घ्यावा, चोळू नये.

पोशाख स्वच्छ होऊन आला की त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी त्याच दिवशी काढून टाकावी. तिच्यात ओलावा कोंडतो आणि काही प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली रसायने पांढरे कापड पिवळे करतात. साधा पुठ्ठा आणि लाकूड यांतून आम्ल सुटते, म्हणून पोशाख आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, आम्लविरहित टिश्यू कागदात ठेवतात. हा कागद दोन प्रकारचा मिळतो. एकात कॅल्शियम कार्बोनेट मिसळून तो किंचित अल्कधर्मी केलेला असतो आणि तो सुती व लिननच्या कपड्यांसाठी चांगला. रेशमासाठी मात्र असे मिश्रण नसलेला कागदच घ्यावा. कागद मिळत नसेल तर धुऊन खळ पूर्ण काढलेले, रंग न दिलेले मांजरपाट चालते. खळ राहिली तर कसर लागते.

मण्यांनी जड झालेला पोशाख हँगरवर ठेवला तर सगळे वजन खांद्यांच्या शिवणीवर येते, त्यामुळे तो आडवाच ठेवावा. प्रत्येक घडीच्या आत कागदाची सैल गुंडाळी सरकवली की घडी करकरीत बसत नाही, कारण रेशीम फाटते ते बहुधा घडीच्याच रेषेवर. टाचण्या काढाव्यात, त्या गंजतात. छातीला शिवलेले फोमचे पॅडही काढावेत. हा फोम कालांतराने पिवळा होऊन भुगा होतो आणि आजूबाजूच्या कापडाला चिकटतो. डांबराच्या गोळ्यांचा वास जाता जात नाही आणि त्या प्लॅस्टिकच्या टिकल्या खराब करू शकतात, म्हणून त्या मी टाळते. पोटमाळा आणि तळघर या दोन्ही जागा वाईट, एक तापते म्हणून आणि दुसरी दमट म्हणून. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण मिळते. माणसे राहतात त्या खोलीतले कपाट सर्वांत बरे.

काही ठिकाणी पेटी कायमची सीलबंद करून देतात आणि आत डोकावण्यासाठी खिडकी ठेवतात. मला ही पद्धत पटत नाही. आत एखादा डाग उमटू लागला तर तो कळणार कसा? मी दरवर्षी एकदा हात स्वच्छ धुऊन, अंगठ्या काढून पेटी उघडते, पोशाख उजेडात पाहते आणि घड्या जुन्या रेषांवर न घालता थोड्या सरकवून पुन्हा घालते.

माझ्या चार ठिपक्यांपैकी तीन एका अनुभवी कारागिराने जवळजवळ दिसेनासे केले. चौथा काढण्याचा हट्ट धरला तर कापडच जाईल, असे त्याने सांगितले आणि मी तो राहू दिला. तो कुठे आहे, कोणत्या पेयाचा आहे, पोशाख कोणत्या धाग्याचा आहे आणि कधी स्वच्छ केला, हे सारे एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीत ठेवली आहे, तीही शाई ओघळू नये म्हणून पेन्सिलीने लिहिलेली.